आँग सान सू ची यांचे नाव पुन्हा घ्या : परराष्ट्रमंत्री आणि महाराष्ट्र-गोव्याच्या खासदारांना खुले पत्र

रत्नागिरी, १ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
तसेच महाराष्ट्र व गोव्यातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, त्याला आज पाच वर्षे पूर्ण झाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे नवी संसद भरायची होती. आधीच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने केंद्रीय संसदेच्या ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. त्या दिवशी पहाटे पक्षाच्या नेत्या आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेण्यात आले. सू ची तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या, आज ८० वर्षांच्या आहेत. त्यांना नेमके कुठे ठेवले आहे हे लष्कर सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात त्यांचा धाकटा मुलगा किम एरिस याने जाहीरपणे सांगितले, की आईची बरीच वर्षे काही खबर नाही, ती हयात आहे की नाही हेही आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यावर लष्करी राजवटीने खुलासा केला की त्यांची प्रकृती उत्तम आहे. सोबत छायाचित्र नव्हते, डॉक्टरचा अहवाल नव्हता, कोणी जाऊन पाहिल्याचा दाखला नव्हता. या खुलाशावर दिल्लीने काय विचारले, हे आम्हाला कुठेही वाचायला मिळाले नाही. हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण तेवढेच आहे. बंद पाकिटातल्या पत्राला 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे' असे उत्तर येते आणि विषय संपतो.

रत्नागिरीहून किंवा पुण्याहून म्यानमारबद्दल कोणी बोलू लागले की 'तुमचा काय संबंध' असा प्रश्न येतोच. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. तो तिथेच १९१६ साली वारला आणि त्याची समाधीही तिथेच आहे. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात काढली. हा इतिहास शाळेतल्या पुस्तकात आहे, तो इथे आळवत बसण्याची गरज नाही. त्यातल्या दोनच गोष्टी आजच्या कामाच्या आहेत.

पहिली १८९८ सालची. पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा मॅक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त अशा मंडळींच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मॅक्स म्युलर यांना टिळकांच्या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. एका वेदाभ्यासकाला तुरुंगात झिजवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. टिळक सुमारे सहा महिने आधी सुटले. पुन्हा तसाच गुन्हा शाबीत झाला तर माफ केलेले सहा महिने भोगावे लागतील, अशी अट होती. एका माणसाचे नाव घेऊन, एका कारणासाठी, एक मागणी करण्यात आली होती, आणि ती फळाला आली.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०१६ ची. थिबाच्या शंभराव्या पुण्यतिथीला म्यानमारचे सेनापती मिन आँग लाइंग आणि उपराष्ट्राध्यक्ष मिंट स्वे रत्नागिरीत समाधीवर हजर होते. परक्या सत्तेने कैदेत ठेवलेल्या आपल्या राजाला त्यांनी मान दिला. सुमारे चार वर्षांनी याच मिंट स्वे यांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून आणीबाणी पुकारली आणि सगळी सत्ता याच मिन आँग लाइंग यांच्या हाती दिली. २००८ च्या राज्यघटनेतली कलमे ४१७ आणि ४१८ त्यासाठी वापरली. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष अटकेत असल्याशिवाय उपराष्ट्राध्यक्षाला ती सही करता आली नसती, म्हणून आधी अटक झाली आणि मग सही.

आता आपल्या सरकारकडे वळतो. मंत्रिमहोदय, आपले मंत्रालय या विषयावर पहिल्यापासून गप्प होते असे आम्ही म्हणत नाही. सत्तापालट झाला त्याच दिवशी भारताने चिंता व्यक्त केली. ६ डिसेंबर २०२१ रोजी सू ची यांना पहिली शिक्षा झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी आपल्या प्रवक्त्यांनी या निकालाने आम्ही अस्वस्थ झालो आहोत असे सांगितले. त्याच महिन्यात २२-२३ तारखेला तेव्हाचे परराष्ट्र सचिव हर्ष शृंगला म्यानमारला गेले. त्या दौऱ्यानंतरच्या निवेदनात लोकशाही परत यावी, हिंसाचार थांबावा आणि कैद्यांची सुटका व्हावी, असे तिन्ही मुद्दे होते. सू ची यांच्याशी मात्र त्यांची भेट झाली नाही.

आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. कैद्यांच्या सुटकेचा जो मुद्दा २०२१ मध्ये भारताच्या निवेदनात होता, तो पुढे गळाला. ४ एप्रिल २०२५ रोजी बँकॉकमध्ये आणि ३१ ऑगस्ट २०२५ रोजी तियानजिनमध्ये पंतप्रधान मिन आँग लाइंग यांना भेटले. दोन्ही भेटींनंतर आपल्याकडून जे सांगण्यात आले, त्यात निवडणूक सर्वसमावेशक आणि विश्वासार्ह व्हावी अशी अपेक्षा आहे, कैदेतल्यांचा उल्लेख नाही. ज्या पक्षाने मागची निवडणूक जिंकली तो २०२३ च्या मार्चमध्ये नव्या नोंदणी कायद्याखाली विसर्जित झालेला, त्याच्या नेत्या कैदेत, आणि निवडणूक सर्वसमावेशक कशी असायची? हे वाक्य लष्कराला अडचणीचे नाही. उद्या तेच म्हणणार, की आम्ही सगळ्यांना बोलावले, जे आले नाहीत त्यांना आम्ही काय करणार.

ती निवडणूक २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने उरकली. देशातल्या ३३० नगरक्षेत्रांपैकी कित्येकांत मतदान झालेच नाही, कारण तिथे लष्कराचा अंमल चालत नाही. जुलै २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने निवडणुकीत अडथळा आणण्याला कैद ठेवली आहे आणि टीकाही त्यात धरली जाते. शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते आणि एखाद्या प्रकरणात मृत्यू झाला असेल तर फाशीपर्यंत जाते. मतदान यंत्रांवर झाले आणि त्या यंत्रात मत मुद्दाम बाद करण्याची सोय नव्हती. आपल्याकडे 'नोटा' आहे. तिथे निषेध म्हणून कोरी किंवा फाटकी मतपत्रिका टाकण्याचाही मार्ग उरला नाही.

दुसरी तक्रार संयुक्त राष्ट्रांतल्या मतांची. १८ जून २०२१ रोजी आमसभेत म्यानमारच्या सत्तापालटाविरुद्धचा ठराव ११९ विरुद्ध १ मताने संमत झाला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. २१ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २६६९ संमत केला. म्यानमारवर परिषदेने केलेला चौऱ्याहत्तर वर्षांतला हा पहिला ठराव. त्यात सू ची आणि विन मिंट यांची नावे घेऊन सुटका मागितलेली आहे. बाजूने १२ मते पडली. चीन, रशिया आणि भारत तटस्थ राहिले, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडेच होते. अशा ठरावाने दोन्ही बाजू जास्तच ताठर होतील, त्यापेक्षा शांतपणे वाटाघाटी बऱ्या, असे आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे होते. शांतपणे बोलण्याला आमचा विरोध नाही. त्या ठरावाला तीन वर्षे उलटली, तेव्हा शांतपणे काय काय मागितले आणि काय मिळाले, एवढा हिशेब विचारण्याचा आम्हाला अधिकार आहे, कारण ते मत आमच्याही नावाने दिलेले होते.

तिसरी तक्रार शस्त्रांची. म्यानमारमधील मानवाधिकारांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार सत्तापालटानंतर भारतातून, सरकारी मालकीच्या कंपन्या धरून, सुमारे ५.१ कोटी डॉलरची शस्त्रे आणि संबंधित सामग्री म्यानमारच्या लष्कराकडे गेली. रशिया, चीन आणि सिंगापूरचे आकडे याच्या कितीतरी पट मोठे आहेत, हे खरे. म्हणून आपला आकडा माफ होत नाही.

आता प्रत्यक्ष कैदेबद्दल. 'तिथल्या न्यायालयाने दिलेली शिक्षा आहे, आपण काय बोलणार' हे उत्तर आम्हाला अधूनमधून ऐकवले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

म्यानमार १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच प्रांत होता. त्यामुळे तिथली दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १९२३ चा गोपनीयता कायदा हे सगळे आपल्याच जुन्या कायद्यांचे भाऊबंद आहेत. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणालाही ते खटले कळायला दुभाषा लागणार नाही. पहिला आरोप होता सुरक्षारक्षकांकडे सापडलेल्या वॉकीटॉकी बेकायदा आयात केल्याचा. दुसरा, निवडणूक प्रचारात मोटारींतून जाणाऱ्या समर्थकांना हात हलवून करोना नियम मोडल्याचा. कलम ५०५ (ब) खाली लोकांना चिथावल्याबद्दल शिक्षा झाली, ती पक्षाच्या फेसबुक पानावरच्या निवेदनांसाठी. ती निवेदने आली तेव्हा त्या कोठडीत होत्या. भ्रष्टाचाराच्या एका खटल्यात सहा लाख डॉलर आणि ११.४ किलो सोने घेतल्याचा आरोप मुख्यतः एका जुन्या सहकाऱ्याच्या जबाबावर उभा होता. सुनावण्या राजधानी नेपिडोत बंद दाराआड झाल्या. तिथे पत्रकार नव्हते, परदेशी वकिलातींचे लोक नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचे मुख्य वकील खिन माँग झॉ यांना बाहेर बोलण्याची बंदी घातली, तीही कलम १४४ खाली. जमावबंदीचे हे कलम वकिलाचे तोंड बंद करायलाही वापरता येते, हे आपल्याला तिथून शिकायला मिळाले.

डिसेंबर २०२२ अखेर १९ आरोपांत मिळून ३३ वर्षे शिक्षा झाली. १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच आरोपांत माफी देऊन ती २७ वर्षांवर आणली. म्हणजे शिक्षा कमी करणे लष्कराच्या हातात आहे आणि लाभ दिसला की ते करते.

यातली सर्वांत गंभीर बाब वैद्यकीय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुलाने सांगितले, की आईच्या हृदयाचा विकार बळावला आहे आणि तिने हृदयरोगतज्ज्ञ मागितला आहे. त्याआधी २०२३ मध्ये हिरड्यांचा आजार, जेवता न येणे, रक्तदाब उतरणे अशा बातम्या येऊन गेल्या होत्या आणि बाहेरचा डॉक्टर नाकारल्याचे सांगितले जात होते. म्यानमारच्या कोठडीत आजारी पडणे म्हणजे काय, याची उदाहरणे समोर आहेत. पक्षाचे ज्येष्ठ नेते आणि सू ची यांचे पूर्वीचे वकील न्यान विन जुलै २०२१ मध्ये इन्सेन तुरुंगात असताना करोनाने गेले. मंडालेचे मुख्यमंत्री झॉ मिंट माँग यांना रक्ताचा कर्करोग होता. त्यांना अगदी शेवटच्या घटकेला माफी मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले. पाहणारा कोणी नसेल तर कैद्याचे शेवटचे कागद हवे तसे तयार होतात.

आणि हे पूर्वीपेक्षा वाईट आहे, हे विसरू नये. ३० मे २००३ रोजी देपायिनला त्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्यांना अटक झाली. तेव्हाची राजवट काही मवाळ नव्हती. तरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांचे दूत रझाली इस्माईल त्यांना भेटू शकले आणि जुलैअखेर रेडक्रॉसचे प्रतिनिधीही. पुढच्या नजरकैदेच्या वर्षांत त्यांचे स्वतःचे डॉक्टर तिन म्यो विन मोठ्या काळासाठी ठरावीक अंतराने घरी जाऊ शकत होते. आज यातले काहीही नाही. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान या संघटनेचे ब्रुनेईचे दूत एरिवान युसूफ यांनी २०२१ मध्ये, भेट मिळणार नाही म्हटल्यावर, दौराच रद्द केला. कंबोडियाचे प्राक सोखोन २०२२ मध्ये दोनदा गेले आणि भेटीविना परतले. संयुक्त राष्ट्रांच्या नोएलीन हेझर ऑगस्ट २०२२ मध्ये गेल्या, त्याही तशाच परतल्या, आणि सू ची यांना भेटू दिल्याशिवाय पुन्हा येणार नाही असे सांगून मोकळ्या झाल्या.

भेट मिळाली ती एकाच बाहेरच्या सत्ताधाऱ्याला : थायलंडचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डॉन प्रमुद्विनाई यांना, ९ जुलै २०२३ रोजी, तासाभराहून अधिक. ते ना निषेध करायला गेले होते, ना निर्बंधांची धमकी घेऊन. सीमा लागून आहे, लष्कराशी रोजचा व्यवहार आहे, त्या जोरावर त्यांनी मागितले आणि मिळवले. आपली सीमा १,६४३ किलोमीटर आहे. व्यवहार आपलाही आहे. मग हे भारताला का जमू नये?

नाव घेऊन मागितले की हलते, याचा आणखी एक पुरावा १७ नोव्हेंबर २०२२ चा. त्या दिवशीच्या माफीत ऑस्ट्रेलियाचे अर्थतज्ज्ञ शॉन टर्नेल, ब्रिटनच्या माजी राजदूत विकी बोमन आणि जपानचे चित्रपटकार तोरू कुबोता सुटले. टर्नेल यांना तर गोपनीयता कायद्याच्या ज्या खटल्यात तीन वर्षे झाली होती, त्यात सू ची सहआरोपी होत्या आणि त्यांनाही तेवढीच शिक्षा झाली. त्या तिघांच्या देशांनी आपापल्या नागरिकासाठी पाठपुरावा केला होता. इथे एक कायदेशीर अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आपल्या नागरिकाला भेटण्याचा हक्क वकिलातीला व्हिएन्ना करारातून मिळतो. सू ची म्यानमारच्याच नागरिक आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी असा हक्क कोणत्याच देशाला नाही. जे होईल ते शब्दाच्या वजनावर. भारताचा शब्द तिथे वजनाचा आहे, असे आपणच प्रत्येक दौऱ्यानंतर सांगत असता.

आता आक्षेप. १९९५ चे उदाहरण परराष्ट्र खात्यात अजून सांगितले जाते : मिझोरम सीमेवर दोन्ही सैन्यांची ईशान्येतल्या बंडखोरांविरुद्ध 'गोल्डन बर्ड' मोहीम चालू होती, दिल्लीने सू ची यांना नेहरू पुरस्कार दिला आणि म्यानमारच्या सैन्याने हात काढून घेतला. धडा असा काढला जातो, की त्यांचे नाव घेतले की ईशान्येची सुरक्षा धोक्यात येते. तीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगावर आजचे धोरण बेतले जात असेल तर आजचा नकाशाही पाहावा. सितवे बंदरातून मिझोरमला जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाचा जलमार्ग ज्या पलेत्वाला संपतो, ते गाव जानेवारी २०२४ पासून लष्कराशी लढणाऱ्या आराकान आर्मी या सशस्त्र संघटनेकडे आहे. राखाइन प्रांताच्या १७ पैकी १४ नगरक्षेत्रे त्यांच्याच ताब्यात आहेत. सितवे बंदर लष्कराकडे आणि पुढची वाट दुसऱ्यांकडे, अशी स्थिती आहे. जो रस्ता लष्कराच्या हातात नाही तो सांभाळण्यासाठी लष्कराची मर्जी किती राखायची? 'आपण बोललो तर चीनचे फावेल' हाही आक्षेप आहे. आपण पाच वर्षे जपून बोललो, त्या काळात चीनचे काय अडले हे आपल्यालाच ठाऊक.

रोहिंग्यांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधल्या या मुस्लिम अल्पसंख्याक समाजातली सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात हाकलली गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराच्या खटल्यात सू ची स्वतः लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यानंतर जगातला त्यांचा मान उतरला. कॅनडाने सन्माननीय नागरिकत्व आणि ॲम्नेस्टीने पुरस्कार आधीच, २०१८ मध्ये, काढून घेतला होता. तो राग रास्त होता, असे आमचे मत आहे. तो खटला अजून चालू आहे आणि गेल्याच महिन्यात तिथे सुनावण्या झाल्या. पण त्या जबाबदारीचा जाब न्यायालयात विचारायचा असतो. वॉकीटॉकीसाठी ८० वर्षांच्या बाईला एकांतात ठेवून तो चुकता होत नाही. शिवाय हे एकट्या सू ची यांचे नाही. वीस हजारांहून अधिक राजकीय कैदी आज म्यानमारच्या तुरुंगांत आहेत. जुलै २०२२ मध्ये माजी खासदार फ्यो झेया थॉ यांच्यासह चौघांना फाशी दिली. सर्वांत प्रसिद्ध कैद्यापर्यंत कोणाला पोहोचता येत नसेल, तर नाव माहीत नसलेल्यांचे काय होत असेल?

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. 'ताबडतोब आणि बिनशर्त सुटका' एवढेच मागितले तर नकार एका शब्दात देता येतो. तपासता येणाऱ्या लहान गोष्टी एकेक करून मागितल्या तर प्रत्येक नकाराला कारण द्यावे लागते.

पहिली मागणी, यांगूनमधल्या भारतीय राजदूतांना सू ची आणि विन मिंट या दोघांना भेटण्याची परवानगी लेखी मागावी आणि मागितल्याची तारीख संसदेत सांगावी. छायाचित्र किंवा चित्रफीत हा हयातीचा पुरावा धरू नये. भेट समक्ष, पहारेकऱ्यांच्या कानापलीकडे, आणि पुन्हा होणारी हवी. एकदाच झालेल्या भेटीचा उपयोग पाहुण्यापेक्षा यजमानालाच जास्त होतो.

दुसरी, हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य पाठवण्याची तयारी भारताने दाखवावी. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर 'ऑपरेशन ब्रह्मा'त आपल्या लष्कराचे ११८ जणांचे वैद्यकीय पथक मंडालेत रुग्णालय थाटून बसले होते आणि म्यानमारच्या लष्कराने त्याला परवानगी दिली होती. ११८ जण चालतात तर दोन डॉक्टर का चालू नयेत? एक खबरदारी मात्र घ्यावी : भूकंपग्रस्तांची किंवा निर्वासितांची मदत या मागणीला बांधू नये. तिकडे नकार आला म्हणून इकडे औषधे अडवणे आम्हाला मान्य नाही.

तिसरी, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला सर्व तुरुंगांत प्रवेश मिळावा यासाठी भारताने बोलावे. रेडक्रॉसच्या अटी जगभर सारख्याच असतात : सर्व कैदी, साक्षीदाराविना बोलणे, नावांची नोंद, पुन्हा भेट. २००५ मध्ये लष्कराने आपली माणसे सोबत बसवण्याचा आग्रह धरला, तेव्हा रेडक्रॉसने भेटी थांबवल्या होत्या. त्या अटींत तडजोड सुचवणारा मध्यस्थ भारताने होऊ नये.

चौथी, मुलाशी आणि वकिलाशी बोलण्याची सोय. सत्तापालटानंतर मुलाला आईचे पहिले पत्र हाती पडले ते जानेवारी २०२४ मध्ये. यावर अधिक लिहायला नको.

पाचवी, सुटका. म्यानमारमध्ये माफीचे दिवस ठरलेले असतात : ४ जानेवारीचा स्वातंत्र्यदिन, एप्रिलच्या मध्यातला थिंज्यान म्हणजे त्यांचे नववर्ष, आणि एखादी धार्मिक पौर्णिमा. बहुतेक सुटका फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ (१) खाली होतात. पुन्हा गुन्हा केल्यास उरलेली शिक्षा नव्या शिक्षेत मिळवली जाते. १८९८ मध्ये टिळकांना घातलेली अट हीच होती. राजकीय कैद्याला पुढे गप्प ठेवण्यासाठी तिचा उपयोग होतो, म्हणून भारताने घटनेच्या कलम २०४ खाली पूर्ण माफी मागावी. थिंज्यानच्या याद्या आधी तयार होतात. आपला शब्द मार्चच्या मध्यापर्यंत नेपिडोत पोहोचला नाही तर संधी पुढे ढकलली गेली असे समजावे.

सहावी, या निवडणुकीतून जो कोणी राष्ट्राध्यक्ष म्हणून पुढे येईल त्याला अभिनंदनाचा संदेश पाठवण्याआधी पहिल्या दोन मागण्यांचे उत्तर घ्यावे. आणि लष्कराला उपयोगी पडणाऱ्या सामग्रीची निर्यात थांबवावी.

१ जानेवारी २०२६ पासून भारत पुन्हा मानवाधिकार परिषदेचा सदस्य झाला आहे. परिषदेत म्यानमारवरचा ठराव दरवर्षी येतो. या वेळी हात बांधून बसू नये.

खासदारांनो, आता आपल्यासाठी. महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २ असे लोकसभेत ५०, राज्यसभेत १९ आणि १, मिळून आपण ७० जण आहात. परराष्ट्र खात्याच्या प्रश्नांना लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत गुरुवारी उत्तरे मिळतात. सूचनेला पंधरा पूर्ण दिवस लागतात, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मार्चमधल्या बैठकांसाठी याच महिन्यात कागद जायला हवा. असे प्रश्न फेटाळले जातात ते बहुतेक एकाच कारणाने : मित्रदेशाविषयी अनादराचा उल्लेख नियमात बसत नाही. म्हणून म्यानमारच्या लष्कराने काय केले हे विचारू नये, आपल्या सरकारने काय केले ते विचारावे. मसुदा असा चालेल : (अ) श्रीमती आँग सान सू ची व श्री. विन मिंट यांना भेटण्याची परवानगी १ फेब्रुवारी २०२१ नंतर शासनाने मागितली आहे काय. (आ) असल्यास, कोणत्या तारखांना, व त्यावर काय उत्तर आले. (इ) त्यांच्या वैद्यकीय तपासणीसाठी साहाय्य देऊ केले आहे काय. (ई) नसल्यास, त्याची कारणे. तारांकित प्रश्न चिठ्ठीत निघेलच असे नाही, तेव्हा अनेकांनी तोच प्रश्न दिला तर बरे. नाही निघाला तर अतारांकित द्यावा, लेखी उत्तर तरी नोंदीला लागते. लोकसभेत नियम ३७७ आहे, दोन्ही सभागृहांत शून्य प्रहर आहे. आंतरसंसदीय संघाची खासदारांच्या मानवाधिकारांसाठी समिती आहे, तिच्यापुढे म्यानमारच्या लोकप्रतिनिधींची प्रकरणे आहेत, आणि आपली संसद त्या संघाची सदस्य आहे. निवडून आलेल्या माणसाला सभागृह भरण्याच्या दिवशीच उचलून नेले जाते, यावर खासदार बोलणार नाहीत तर कोणी बोलायचे?

वाचकांनाही एक सूचना. या विषयावर माहिती अधिकाराचा अर्ज करून फारसे हाती लागत नाही, कारण परराष्ट्र संबंधांना कलम ८ ची सूट आहे. दहा रुपये आणि महिना जातो आणि नकार येतो. त्यापेक्षा आपल्या खासदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयात वरचा मसुदा नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत लांब निवेदन जोडू नये, ते कोणी वाचत नाही.

मंत्रिमहोदय, उत्तर आम्हाला वेगळे पाठवण्याची गरज नाही, सभागृहात दिलेत तरी पुरे. राजदूतांनी भेटीची परवानगी कोणत्या तारखेला मागितली आणि तिकडून काय कळवले, एवढे त्यात असावे.

कळावे,
म्यानमारमधील राजकीय कैद्यांच्या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे महाराष्ट्र आणि गोव्यातील काही नागरिक